बर्फ टिकेल का ते नंतर, आधी उतार मोजा

तुमचा बेत थोडक्यात असा: पुण्याचे सहाजण, मार्चचा पहिला आठवडा, मनालीजवळच्या सोलंगवरून धुंदी, तिथून बकरथाचचं कुरण आणि जमलं तर ब्यास कुंड. सगळे सह्याद्रीत मुरलेले, दोघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालेला, सोबत मनालीचा एक गाईड. बर्फात खड्डा खणून थर तपासायचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत आणि विचारलंय की, ‘समोरचा बर्फ टिकेल की सुटेल हे जागेवर कसं ओळखायचं?’

खात्रीने ओळखता येत नाही. मला वीसेक हिवाळ्यांनंतरही येत नाही, आणि माझ्याहून कितीतरी जाणत्या लोकांनाही आलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखराखाली उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगच्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी ॲव्हलांचमध्ये, म्हणजे हिमस्खलनात, सापडली आणि २९ जण गेले. त्यात सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन्ही शिखरं केली होती. ती तिथे शिकवायला गेली होती. बर्फ वाचता येणं ही ढाल असती, तर त्या दिवशी ती पुरली असती.

म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून घेतो. ‘हा बर्फ टिकेल का’ हा दुसरा प्रश्न. पहिला असा: ‘आपण कुठल्या उतारावर आहोत, कुठल्या उताराखाली आहोत, आणि तो सुटलाच तर आपल्याला कुठे नेऊन टाकेल?’ बर्फाबद्दल अंदाजच बांधावा लागतो. उतार मोजता येतो, आणि तो रातोरात बदलत नाही.

माणसं मारणारे बहुतेक ॲव्हलांच ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३५ ते ४० च्या आसपास सर्वांत जास्त. ४५ हून उभ्या जागी बर्फ फार साठतच नाही, पडता पडताच थोडा थोडा गळत राहतो. ३० च्या खाली कोरडा थर सहसा घसरत नाही. आपली गोची अशी की सह्याद्रीत घडलेल्या डोळ्याला ३५ अंश हा धोका वाटतच नाही. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला तो ‘चढ आहे, पण हात लावायची गरज नाही’ असा वाटतो. आपल्याला भीती कातळाची, घसाऱ्याची, दृष्टिभयाची. बर्फात मात्र जो उतार सर्वांत सुंदर, गुळगुळीत, झाडंझुडपं नसलेला आणि चालायला मजेचा दिसतो, नेमका तोच या ३० ते ४५ मध्ये बसतो. तिथे झाडं का उगवली नसतील, हा विचार सह्याद्रीत कधी करावा लागलेला नसतो.

तेव्हा डोळ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. फोनमधला कोनमापक चालतो, पण थंडीत बॅटरी जाते आणि हातमोजे काढावे लागतात. काठ्यांची युक्ती शिकून ठेवा. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. एक काठी उताराच्या दिशेने, पाणी जसं खाली वाहील तशी, बर्फावर दाबा म्हणजे ठसा उमटेल. आता तिचं वरचं टोक ठशाच्या वरच्या टोकावर तसंच रोवून ठेवा आणि खालचं टोक हवेत उचला. त्या उचललेल्या टोकापासून दुसरी काठी ओळंब्यासारखी सरळ लटकू द्या. पहिली काठी एवढी वरखाली करा की लटकत्या काठीचं टोक बर्फाला जेमतेम टेकेल. ते बरोबर ठशाच्या खालच्या टोकावर टेकलं, तर उतार ३० अंशांचा. ठशाच्याही खाली गेलं, तर जास्त. दर १० सेंटिमीटरला सुमारे ३ अंश वाढवत जा. ठशावरच कुठेतरी टेकलं, तर ३० पेक्षा कमी. आज संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्यांशेजारी मातीच्या उतारावर करून बघा, पाच मिनिटांत हाताला बसेल. संशय असलेल्या उतारावर जाऊन मात्र हा प्रयोग करायचा नाही. अलीकडच्या, तेवढ्याच कोनाच्या लहान तुकड्यावर करायचा, किंवा कडेला लांब उभं राहून काठी डोळ्यासमोर धरून उताराच्या रेषेशी जुळवायची.

ही मोजणी घरीच अर्धी होते. ५०,०००ला १ अशा प्रमाणाच्या नकाशावर डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमध्ये साधारण ४० मीटर उंचीचा फरक असतो. त्या हिशेबाने ३० अंशांच्या उतारावर दोन रेषा सुमारे १.४ मिलिमीटर दूर दिसतात आणि ४५ अंशांवर ०.८ मिलिमीटर. म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढीही फट उरत नसेल, तिथे लाल शाई फिरवा. आजकालची ॲप उतार रंगवून देतात, तीही वापरा, फक्त त्यांना वेदवाक्य मानू नका. ४० मीटरच्या रेषांमध्ये १५ मीटरचा उभा टप्पा सहज लपतो. आणि माणूस गाडायला १५ मीटरचा उतार पुरतो, खाली नाळ, म्हणजे अरुंद घळ, असली की झालंच. रुंद मैदानावर जो बर्फ पसरून गुडघाभर होईल, तोच अरुंद नाळेत तीन-चार मीटरचा ढीग करतो.

आता ‘खाली उभं असणं’ याबद्दल, कारण तुमच्या वाटेवर हेच महत्त्वाचं आहे. बहुतेक ट्रेकरना वाटतं की आपण उभ्या उतारावर जाणारच नाही, दरीच्या तळातून नदीकाठाने जाणार, मग कसला धोका? ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथु ला च्या रस्त्यावर ॲव्हलांचमध्ये सात पर्यटक दगावले. ते गिर्यारोहक नव्हते, गाड्यांमधून बर्फ बघायला गेलेले लोक होते. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ मानाला सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर ॲव्हलांच आला. ५४ जण त्यात सापडले, ४६ वाचले, आठ गेले. त्यांनी कुठलाच उतार ओलांडला नव्हता. ते मुक्कामाला होते.

यासाठीही एक कोन आहे. जिथे तंबू लावायचा किंवा जेवायला बसायचं, तिथून डोक्यावरच्या उताराचा सर्वांत वरचा भाग, जिथून बर्फ सुटू शकतो तो, डोळ्याने पकडा आणि फोनच्या कोनमापकाने त्याचा कोन घ्या. २५ अंशांपेक्षा जास्त भरला, तर मोठा ॲव्हलांच आपल्यापर्यंत पोहोचतो असंच धरून चालायचं. २० च्या आत असेल तर मी पाठपिशवी खाली ठेवतो. मधल्या जागेत इतर खुणा बघतो. देवदार-खरसूच्या रानात मध्येच सरळ उभा पट्टा मोकळा आहे का? झाडांच्या चढाकडच्या बाजूच्या फांद्या सोललेल्या आणि दरीकडच्या शाबूत आहेत का? भोजपत्राची झाडं सगळी एकाच दिशेला, दरीकडे वाकून मग वर वळलेली आहेत का? डोंगर तिथून नेहमी उतरतो हे झाडांनी लिहून ठेवलेलं असतं. सोलंगहून धुंदीकडे जाताना असे पट्टे मोजायचा खेळच करा. अटल बोगद्याकडे जाणारा हा रस्ता अशा नाळांखालूनच जातो, त्यांच्या तोंडाशी थांबून फोटो काढायचे नाहीत.

उतार आणि वाट ठरली की मग हवामान. पीर पंजालचा, म्हणजे तुम्ही जाताय त्या डोंगररांगेचा बर्फ हा वेस्टर्न डिस्टर्बन्सचा, पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांचा बर्फ. एक झोत येतो, दोन-तीन दिवसांत भरपूर, तुलनेने उबदार आणि जड बर्फ टाकतो आणि निघून जातो. इथले बरेचसे ॲव्हलांच त्या झोतातच किंवा तो सरल्यावर एक-दोन दिवसांत सुटतात. २४ तासांत ३० सेंटिमीटर नवा बर्फ पडला की मी ३० अंशांच्या वर जात नाही आणि तशा उतारांखालीही रेंगाळत नाही. वारा असेल तर १५ सेंटिमीटरही पुष्कळ झाला, कारण वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडे नेऊन टाकतो. इकडे घोट्याएवढा पडलेला तिकडे मांडीएवढा होऊन बसतो, आणि नुसता साठत नाही, दाबून बसवलेल्या फरशीसारखा होतो. धारेवर पुढे झुकलेली बर्फाची पडवी दिसली, तर त्या पडवीच्या खालची बाजू वाऱ्याने भरलेली आहे. पायाखाली ढोलकीसारखा पोकळ आवाज आला, तरी तेच.

आणि हो, सर्वांत धोक्याचा दिवस वादळाचा नसतो. वादळात कोण तंबूबाहेर पडतं? धोक्याचा दिवस त्यानंतरचा, निळ्या आकाशाचा पहिला. सगळी मनाली फोटो काढत असते, दोन दिवस तंबूत अडकलेली मंडळी पिंजऱ्यातून सुटल्यासारखी निघतात. त्या सकाळी मी चहा सावकाश पितो.

मनालीला १९६९ पासून बर्फाचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिला सगळे ‘सासे’ म्हणत. २०२० मध्ये ती संरक्षण खात्याच्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी जोडून डीजीआरई झाली. तुमच्या वाटेवर सोलंग आणि धुंदी इथे तिची निरीक्षण केंद्रं आहेत. ती जो इशारा देते तो जिल्हा आणि उंचीच्या हिशेबाने असतो, ‘अमुक मीटरच्या वर मध्यम धोका’ या धर्तीचा. तो रोज बघा. पण त्यातून तुमच्या समोरची नाळ कळत नाही. आणि ‘मध्यम’ हा शब्द मराठी कानाला फार दिलासा देतो, मध्यम तिखट म्हटल्यासारखा. युरोपातल्या पाच पायऱ्यांच्या मापात सर्वाधिक माणसं मधल्या, तिसऱ्या पायरीवर मरतात. चौथी-पाचवी ऐकली की लोक घरी बसतात. तिसरीला ‘बघू की’ म्हणून निघतात.

मग थरांकडे येतो, म्हणजे तुमच्या खड्ड्याकडे. ॲव्हलांचसाठी तीन गोष्टी लागतात: वर एकसंध फरशी, तिच्याखाली कमकुवत थर, आणि धक्का देणारं काहीतरी. शेवटचं बहुतेक वेळा आपणच असतो. पायी किंवा स्कीवर हिंडणाऱ्यांना गाठणाऱ्या दहापैकी नऊ ॲव्हलांचांना गाडला गेलेला माणूस किंवा त्याचा सोबतीच निमित्त झालेला असतो. माळीण, इर्शाळवाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दरड येते. पावसाने कोसळणारी, माणसाने काही करण्याआधी अंगावर आलेली. बर्फाचं तसं नाही. तो बहुतेकदा तुमच्या पावलाची वाट बघत असतो.

कमकुवत थर हा प्रकार हातात घेऊन बघण्यासारखा आहे. जमीन शून्याच्या आसपास असते, वर हवा उणे १५. मधे बर्फ पातळ असेल तर एवढ्याशा जाडीत तापमान झपाट्याने बदलतं. मीटरमागे १० अंशांपेक्षा जास्त फरक पडला, की खालची वाफ वर सरकत राहते आणि दाणे एकमेकांना चिकटायचे सोडून टोकदार, चकचकीत, सुटे होत जातात. मूठभर घेऊन लाडू वळायला जा, वळत नाही. खडीसाखरेसारखा बोटांतून ओघळतो. याला आमच्यात डेप्थ होर किंवा सरळ शुगर स्नो म्हणतात. त्यावर नंतर पडलेला जड बर्फ म्हणजे रव्यावर ठेवलेली फरशी. झांस्कर-लडाखच्या पातळ, कोरड्या, गार बर्फात हे दुखणं हिवाळाभर टिकतं. पीर पंजालमध्ये बर्फ जाड आणि उबदार, म्हणून ते तुलनेने लवकर बरं होतं. पण डिसेंबर-जानेवारी कोरडे जाऊन फेब्रुवारीत एकदम मोठा झोत आला, तर सोलंगच्या वरच्या उत्तरमुखी उतारांनाही ते होतं. मनालीत उतरलात की पहिला प्रश्न ‘बर्फ किती आहे’ असा विचारू नका. ‘यंदा बर्फ कधी कधी पडला, आणि मधे किती दिवस कोरडं गेलं’ असं विचारा. टॅक्सीवालाही बरोबर सांगतो, त्याचा धंदाच त्यावर असतो.

खड्ड्याची चाचणी सांगतो, कारण तुम्ही ती कराल हे मला दिसतंय. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि वरच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, मागून दोरीने कापायचा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवायचं. मनगटातून दहा टपल्या, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. एखाद्या टपलीला चीर सुरू होऊन तीच किंवा लगेच पुढची टपली देताना खांबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पळाली, तर तो उतार त्या दिवशी विसरा. तीसही टपल्या पचल्या आणि काहीच झालं नाही, तर? तर एवढंच कळलं की या ९० सेंटिमीटरमध्ये काही झालं नाही. चाळीस पावलांवर खडक बर्फाखाली जवळ आला असेल, थर पातळ झाला असेल, तिथलं गणित वेगळं. खड्डा ‘नाही’ म्हणाला तर ऐकायचं. ‘हो’ म्हणायचा त्याला अधिकार नाही. खड्डा खणून ‘हो’ मिळवायला निघालेले गट मी बरेच पाहिलेत. दोन खड्डे ‘नाही’ म्हणाले तर ते तिसरा खणतात.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून बोलतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी कुल्लूच्या एका बाजूच्या दरीत आम्ही पाचजण होतो. सकाळी खड्डा खणला, तीस टपल्या, चीर नाही. माझी छाती फुगली. अकराच्या सुमारास एका रुंद सोंडेवर मी वाट फोडत होतो आणि पायाखालून ‘हुप्प’ असा आवाज आला. बाहेरून आल्यासारखा नाही, पोटातून आल्यासारखा. सगळी जमीन दोन-तीन सेंटिमीटर खाली बसली. माझ्या बुटापासून एक चीर निघाली आणि डावीकडे, आमच्यातल्या शेवटच्या माणसाच्या वरून, नजर पोहोचेपर्यंत गेली. कोणी बोललं नाही. मग मागून एकजण हळूच म्हणाला, “दादा, काय होतं ते?” खालचा कमकुवत थर अख्ख्या सोंडेभर कोसळला होता, आणि वरची फरशी जागच्या जागी राहिली होती. घसरली नाही. घरी आल्यावर नकाशावर मोजलं, तो उतार २५ अंशांचा निघाला. सोंड निवडताना मी कोन पाहिलाच नव्हता. रुंद होती, दृश्य चांगलं होतं, म्हणून निवडली होती. शेजारी दोनशे मीटरवर ३५ चा उतार होता आणि तिथून वाट थोडी जवळची पडत होती.

तो ‘हुप्प’ आवाज, बुटापासून पळणाऱ्या चिरा, आणि आसपासच्या त्याच दिशेच्या उतारावर ताजा सुटलेला ॲव्हलांच, या तीन गोष्टींपुढे कुठलीही चाचणी लागत नाही. डोंगर मराठीत बोलला तरी याहून स्पष्ट बोलणार नाही.

मार्चमध्ये आणखी एक घड्याळ चालू होतं, उन्हाचं. रात्र निरभ्र आणि गार असेल तर वरचा थर गोठून कडक होतो, पहाटे त्यावर बूट वाजतो. ऊन आलं की तो सैलावतो, पाणी खाली झिरपतं आणि ओला बर्फ सुटायला लागतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांना हे आधी होतं, पश्चिमेकडच्यांना दुपारी. खडकांखालून बर्फाचे गोळे स्वतःहून घरंगळत, गाडीच्या चाकासारखे जाड होत खाली येताना दिसले, की तुम्ही उशीर केलाय. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, तरी तेच. आणि रात्रभर ढग असतील तर थर गोठलेलाच नसतो, तेव्हा पहाटे चारला निघूनही उपयोग नाही. लोक घड्याळ बघून निघतात. बर्फ रात्रीचं आकाश बघतो.

साहित्याचं थोडक्यात सांगतो, कारण दुकानदार ते मोठं करून सांगेलच. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा रेडिओ-संकेत पाठवणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं. सहाजणांत दोन नव्हे, सहा. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि फोन जवळ असला की बावचळतो. शोधताना फोन अर्धा मीटर तरी लांब, खरं तर बंदच. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडची नवी आकडेवारी आली. दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त वाचतात, आणि अर्ध्या तासाला ते प्रमाण ३१ टक्क्यांवर येतं. मनालीहून कोणीही दहा मिनिटांत येणार नाही. म्हणजे सुटका तुमची तुम्हीच करायची, आणि थांबलेला ॲव्हलांच भुसभुशीत नसतो, सिमेंट ओतल्यासारखा बसतो. मीटरभर खाली गाडलेल्या माणसापर्यंत जायला टनभर बर्फ उपसावा लागतो. निघण्याआधी तळजाईच्या पठारावर पालापाचोळ्यात ट्रान्सीव्हर पुरून घड्याळ लावून शोधा, चारपाच रविवार. पहिल्या दिवशी तुम्हाला वीस मिनिटं लागतील. सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेश पाठवणारं यंत्र परदेशातल्या भावाकडून मागवायचा मोह होईल. परवान्याशिवाय भारतात ते बाळगणं बेकायदा आहे, त्यावरून माणसं अडकलीत.

आता गाईडबद्दल, तुम्ही आडून विचारलंय म्हणून. तो वाट, नदी, हवा, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतो. पण त्याला पुढच्या आठवड्यातही गिऱ्हाईक हवं आहे, आणि तुम्ही पुण्याहून दोन हजार किलोमीटर आलात हे त्यालाही दिसतंय. ‘सेफ है ना भैया?’ असं विचारलंत, तर तो ‘हाँ जी’ म्हणणार. त्यात खोटेपणा नाही, आतिथ्य आहे. त्याऐवजी विचारा, ‘यहाँ पिछली बार कब गिरा था? कहाँ तक आया था?’ याचं उत्तर तो हात वर करून, नाळ दाखवून देतो. दुसरं म्हणजे त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की परत फिरलो तरी पूर्ण पैसे मिळतील. यानंतर त्याचं बोलणं बदललेलं मी पाहिलंय.

तुमच्या सहाजणांतही असंच एक ठरवा. परत फिरायचं म्हणायला एकजण पुरे, कारण द्यायची गरज नाही, आणि त्याची नंतर चेष्टा करायची नाही. आपल्या गटांमध्ये ज्याचे सर्वांत जास्त किल्ले झालेत त्याला सगळे दादा म्हणतात, आणि दादाने पाऊल टाकलं की बाकीचे मुकाट मागे जातात. चीर गेली त्या दिवशी दादा मीच होतो. मागच्या दोघांना सकाळपासून पायाखालचा बर्फ पोकळ लागत होता. हे त्यांनी मला रात्री सांगितलं.

तुमच्या बेतात मी काय बदलेन? ब्यास कुंड हे ध्येय म्हणून काढून टाका, बकरथाच ठेवा. तिथलं कुरण रुंद आहे, तंबूसाठी कोन मोजून जागा शोधता येते. वरच्या मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या चढाला हात घालायचा तो अखेरचा बर्फ पडून किमान ४८ तास झाल्यावर, निरभ्र रात्रीनंतर, पहाटे, आणि दहाच्या आत परत खाली. संशयाचा पट्टा ओलांडावाच लागला, तर एकावेळी एकच माणूस, बाकीचे पाच सुरक्षित जागेवरून त्याच्याकडे बघत. घोळक्याने नाही, आणि मध्ये थांबून सेल्फी तर नाहीच. बेसिक कोर्स झालेल्या दोघांना एकामागोमाग ठेवू नका. एक पुढे, एक शेवटी, म्हणजे दोघे एकदम गाडले जाणार नाहीत.

आणि एक. तुमच्या वेळापत्रकात पाचव्या दिवशी संध्याकाळी मनालीहून दिल्लीची व्होल्वो आणि सहाव्या दिवशी दुपारी पुण्याचं विमान आहे. सगळ्या बेतात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. मध्ये एकही रिकामा दिवस नाही, म्हणजे दोन दिवस झोत आला तर तिसऱ्या दिवशीच्या निळ्या सकाळी तुम्हाला निघावंच लागेल. तिकिटं दोन दिवस पुढची काढा, रजा मिळत नसेल तर मुक्काम एक कमी करा. बकरथाचला तंबू कुठे लावलात आणि तिथून वरचा कोन किती भरला, ते परत आल्यावर मला नक्की कळवा.